तलाव आणि बायांचं आरोग्य, दोन्हींसाठी अनुदान कुठं मागावं? (ता. नागभीड, जि. चंद्रपूर)

झाडीतला_माणूस
नमस्कार मंडळी. आमच्या गावात मामा तलाव आहे, म्हणजे माजी मालगुजारी, जुन्या मालगुजारांच्या (जमीनदारांच्या) काळातला. अर्ध्याहून जास्त तलाव बेशरमनं (पाण्यात माजणारं झुडूप) गिळला. गाळ इतका भरला की धान निसवायच्या वेळेला पाणी पुरत नाही. ढिवर बांधवांना मासोळी मिळत नाही, त्यांची पोरं हंगामात तेलंगणात मिरची तोडायला जातात. दोन वर्षांआधी आम्ही अकरा जणांनी संस्था नोंदवली. त्यात गावच्या आशाताई (आरोग्य खात्याच्या आशा सेविका) आहेत. त्यांचं म्हणणं, तलावाचं काम करा, पण बायांच्या अंगात रक्त नाही, पोरींची लग्नं लवकर होऊन राहिली, तेही त्यातच घ्या. मले ते पटलं.

नागपूरचे एक सल्लागार म्हणतात, "पर्यावरण आणि लोकसंख्या" असं जोडून लिहा, बाहेरदेशचे फंड त्यालाच पैसे देतात. प्रस्ताव लिहायचे पंचवीस हजार आगाऊ मागून राहिले. द्यावे का? आणि खरंच कुठं अर्ज करावा?

हिशेबाची_वही
भाऊ, पंचवीस हजार अजिबात देऊ नका. मी वीस वर्षं संस्थांचे हिशेब लिहितो. प्रस्ताव तुम्हीच लिहा, वर तुम्ही लिहिलंय तेवढं सरळ लिहिलं तरी अर्धं काम झालं.

विदेशी देणगीचा नाद सध्या सोडा. २०१० च्या विदेशी अंशदान कायद्याखाली नोंदणी लागते. त्यासाठी संस्थेला तीन वर्षं पूर्ण हवीत आणि त्या तीन वर्षांत कामावर १५ लाख रुपये खर्च झालेला दिसायला हवा. पूर्वी मोठ्या संस्थेनं विदेशातून पैसा आणून आपल्यासारख्यांना थोडा-थोडा वाटायची सोय होती. २०२० च्या दुरुस्तीनं तीही बंद झाली. त्याच दुरुस्तीनं प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली, आणि पैसा दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एकाच ठरलेल्या शाखेत येतो. हे सगळं त्या सल्लागारांनी तुम्हाला सांगितलं का? नसेल तर त्यांना एवढंच विचारून बघा.

आता कागद. आयकराची १२अ (संस्थेला करमाफी) आणि ८०ग (देणगीदाराला करसवलत) या नावांनी ओळखली जाणारी नोंदणी केली का? नवीन संस्थेला ती आधी तीन वर्षांसाठी तात्पुरती मिळते. नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर नोंद करा, तिला पैसे लागत नाहीत. कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक कामासाठीचा पैसा (२०१३ च्या कंपनी कायद्यातलं कलम १३५, नफ्याच्या २ टक्के) तुमच्या दोन्ही कामांना चालतो, पर्यावरण आणि आरोग्य दोन्ही त्या कायद्यातल्या कामांच्या यादीत, अनुसूची ७ मध्ये, आहेत. पण काम राबवणाऱ्या संस्थेला तशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव लागतो. म्हणून पुढचं एक वर्ष वाया घालवू नका. जे काही कराल त्याची तारीखवार नोंद, फोटो, बैठकीचं इतिवृत्त आणि ऑडिट ठेवा. पुढच्या वर्षी दाखवायला हेच असेल.

गाळासाठी राज्याची "गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार" योजना आहे, तिच्यात अशासकीय संस्थांनाही काम करता येतं. आधी तलाव कोणाच्या ताब्यात आहे ते बघा. जिल्हा परिषदेकडे असेल तर त्यांच्या लघुसिंचन विभागाची परवानगी लागेल. आणि मासेमारीचा ठेका ज्या सहकारी संस्थेकडे आहे, तिला पहिल्या दिवसापासून सोबत घ्या.

निवृत्त_सिस्टर
मी भंडारा आणि गडचिरोली जिल्ह्यांत एएनएम (खेड्यातली सरकारी नर्स) म्हणून सव्वीस वर्षं काढली. "लोकसंख्या" शब्दावर मला बोलायचंय, कारण हा शब्द वापरताना फार जपावं लागतं.

ज्या देणगीदाराला "इथे माणसं फार वाढली म्हणून जंगल संपलं" असं वाचायला आवडतं, त्याच्यासाठी तसं लिहू नका. ते खरं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशाचा एकूण जननदर (एका बाईमागे सरासरी लेकरं) २.० आहे, महाराष्ट्राचा १.७. लोकसंख्या स्थिर राहायला २.१ लागतो. म्हणजे आपल्या बायांनी ते केव्हाच करून दाखवलं. तुमच्या तलावातला गाळ जास्त लेकरं झाल्यानं साचलेला नाही. मालगुजारी गेल्यावर तलावाची राखण करणारं कोणी उरलं नाही, म्हणून साचला.

आणि हे केलं कोणाच्या अंगावर? त्याच सर्वेक्षणात देशभर ३७.९ टक्के विवाहित बायांची नसबंदी झालेली, पुरुषांची ०.३ टक्के. आणीबाणीत, १९७६ साली, आपल्याच राज्यात सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर झालं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झालं नाही. माझ्या नोकरीच्या सुरुवातीलाही म्हाताऱ्या बाया नसबंदी कॅम्पची गाडी म्हटली की पोरांना घरात ओढायच्या. ती भीती मी पाहिली आहे. तिला पुन्हा हात लावू नका.

गडचिरोलीत डॉ. राणी आणि अभय बंग यांनी दोन गावांतल्या बायांची तपासणी केली, १९८९ मध्ये तो अभ्यास लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. ९२ टक्के बायांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि आधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. बायांचा प्रश्न किती लेकरं हा नव्हता, आपलं दुखणं कोणी विचारत नाही हा होता. प्रस्तावात तेच लिहा: हिमोग्लोबिनची तपासणी, लोहाच्या गोळ्या, मासिक पाळीतली सोय, अठराच्या आधी लग्न नाही, दोन बाळंतपणांत अंतर, आणि पुरुषांशी नसबंदीबद्दल बोलणं. तलावाशी त्याचा संबंधही खरा आहे. मासोळी आणि पाणवठ्यावरची भाजी परत आली तर ती आधी या बायांच्या ताटात येईल.

मोह_टेंभरून
मी गडचिरोलीतल्या धानोऱ्याकडचा. संस्थेपेक्षा ग्रामसभा पुढे ठेवा, एवढंच सांगतो. आमच्याकडच्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क (जंगलावर गावाचा हक्क) मिळाला, सुमारे १,८०० हेक्टर. २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे पास ग्रामसभेच्या हाती आले. त्यानंतर गाव कोणाच्या अनुदानावर बसून राहिलं नाही. तुमच्या गोंडपिपरीतल्या पाचगावानंही बांबूवर गावाला रोजगार दिला. तुमच्या हद्दीत जंगल असेल तर २००६ च्या वनहक्क कायद्याखाली दावा टाकला का? तलावातली मासोळीसुद्धा त्या कायद्यात येते. हक्क मिळाला की जो येईल तो पैसा गावाच्या अटीवर येतो. अनुदान तीन वर्षांत संपते, बापा.

झाडीतला_माणूस
सगळ्यांचे आभार. सल्लागारांना नाही म्हणून सांगितलं. काल रात्री मारुतीच्या पारावर बसलो, सिस्टरताईंचं लिहिलेलं मोठ्यानं वाचलं. आशाताई काही बोलल्या नाहीत, पण दोन म्हाताऱ्या बायांनी त्या गाडीची गोष्ट स्वतःहून सांगितली. आजपर्यंत गावात कोणाला माहीत नव्हती.

ठरलं असं: चैत्र-वैशाखात पाणी उतरलं की बेशरम मुळासकट काढायची, घरटी एक माणूस. वनहक्काच्या दाव्याची फाईल तालुक्याला कुठं अडली ते पुढच्या सोमवारी बघून येतो. एक विचारायचं होतं, श्रमदान पैशात धरता येते का?

हिशेबाची_वही
येतं. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमामार्फत चालणारा जागतिक पर्यावरण निधीचा लघु अनुदान कार्यक्रम आहे, त्यात गावाचा वाटा श्रमाच्या रूपातही धरतात. तुमच्यासारख्या कामाला तो जवळचा आहे, त्याचा पुढचा टप्पा कधी निघतो त्यावर लक्ष ठेवा. हजेरीपट मात्र पहिल्या दिवसापासून हवा: तारीख, नाव, किती तास, सही किंवा अंगठा. बायांची नावं त्यांच्या स्वतःच्या नावानं लिहा, "अमक्याची बायको" असं नको. मी एक कोरा नमुना करून उद्या इथेच टाकतो.