पॅराडॉक्सिडीस पोहत अमेरिकेला गेला?
पॅराडॉक्सिडीस हा ट्रायलोबाइट, म्हणजे फार पूर्वी नामशेष झालेला कवचधारी समुद्री प्राणी. त्याचे जीवाश्म वेल्समध्येही सापडतात आणि अमेरिकेत बॉस्टनजवळही, म्हणजे तो समुद्र पोहून गेला असणार, असा तर्क कुणी मांडतं; तो मला पटत नाही. तसं असतं तर तो उत्तर अमेरिकेच्या आतल्या भागातही मिळायला हवा होता. तिथल्या त्याच काळाच्या खडकांत वेगळेच ट्रायलोबाइट आहेत.

कॅनडाच्या पूर्व टोकाचं न्यूफाउंडलंड बेट बघा. पूर्वेला मॅन्युएल्स नदीकाठच्या काळ्या शेलमध्ये (चिखलापासून बनलेल्या खडकात) पॅराडॉक्सिडीसची वेल्समधलीच डेव्हिडिस ही जात सापडते: सुमारे ३७ सेंटिमीटरपर्यंत लांबी, बरगड्यांची टोकं मागे वळून काट्यांसारखी निमुळती झालेली. त्याच बेटाच्या पश्चिमेला मात्र प्राणी अमेरिकी धाटणीचे! मधला जुना महासागर मिटून हे दोन किनारे जुळले आणि पुढे अटलांटिक जुन्या सांध्यावर न फाटता भलत्याच जागी फाटला, म्हणून पलीकडच्या किनाऱ्याचा तुकडा अमेरिकेकडे राहिला. कॅनडाचे भूभौतिकशास्त्रज्ञ टुझो विल्सन यांनी १९६६ मध्ये हे मांडलं, तेव्हा हे जीवाश्मच त्यांचा मोठा आधार होते.