क्रॉसलिंकिंगने चष्मा सुटतो का?

भाऊ, पोराला केराटोकोनस निघाला, क्रॉसलिंकिंग केलं तर चष्मा सुटेल का, असं तुम्ही विचारलंत. ते त्यासाठी नसतंच. या आजारात पातळ होऊन पुढे येत चाललेला कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, आहे तिथे थांबवायचा, एवढंच काम. नंबर थोडा उतरला तर नशीब.

वरचा नाजूक थर काढून रायबोफ्लेविनचे, म्हणजे बी-२ जीवनसत्त्वाचे थेंब मुरवतात आणि मूळ पद्धतीत ३० मिनिटं अतिनील प्रकाश देतात. त्याने कॉर्नियातल्या कोलॅजन या प्रथिनाच्या धाग्यांत जणू नवे टाके पडतात. २००३ साली प्रयोगशाळेत माणसाच्या कॉर्नियाच्या पट्ट्या ताणून पाहिल्या, तर ताठपणा साडेचार पट झाला होता. डुकराच्या कॉर्नियात मात्र १.८ पटच, कारण तो जाड असतो आणि ही ताकद मुख्यतः पुढच्या ३०० मायक्रॉनपर्यंतच (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) येते. म्हणून आधी जाडी विचारा. ४०० मायक्रॉनच्या खाली असेल तर नेहमीची पद्धत आतल्या पेशींना धोक्याची.

आणि डोळे चोळणं बंद. आपल्याकडे तूर काढताना थ्रेशरचा भुसा उडाला की पोट्टे मुठीने कचाकचा डोळे चोळतात. जखम भरेपर्यंत त्याला खळ्यावर नेऊच नका. पहिले काही दिवस चांगलंच झोंबतं. टोपोग्राफीचे, म्हणजे कॉर्नियाच्या आकाराच्या नकाशाचे, जुने रिपोर्ट जपा, पुढच्या तपासणीत तुलना त्यांच्याशीच होते.