पहिल्यांदाच हेड कोच झालेल्याची निवड बरोबर होती की चूक, ठरवायचं कशावरून?

गंगापूररोडचा_लिबेरो
रविवारी महात्मानगरला खेळून झाल्यावर परत तोच विषय निघाला, इटलीच्या युव्हेंटस क्लबने आपला जुना मिडफिल्डर पिर्लोला २०२० ला डायरेक्ट हेड कोच केलं ते चुकलं का. अर्धे म्हणाले लीगमध्ये चौथा आला म्हणजे चुकलंच, अर्धे म्हणाले दोन कप जिंकले म्हणजे बरोबर. मला दोन्ही पटत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

माझं म्हणणं, नेमणूक झाली त्या दिवशी क्लबला त्या माणसाबद्दल काय माहीत होतं, त्यावरून निवड जोखायची. नंतरचा निकाल हा कोचचा, टीमचा, नशिबाचा, सगळ्यांचा मिळून असतो. निवड मात्र एकट्या क्लबची असते. आता पिर्लोचं बघा. ३० जुलै २०२० ला त्याला युव्हेंटसच्या २३ वर्षांखालच्या टीमचा कोच म्हणून जाहीर केलं. ७ ऑगस्टला युव्हे लियाँला हरवूनही अवे गोलवर (दोन मॅचची बेरीज बरोबरीत, म्हणून परक्या ग्राउंडवरचे गोल मोजून) चॅम्पियन्स लीगमधून बाहेर, ८ ऑगस्टला आधीचा कोच सारीला काढलं आणि त्याच दिवशी पिर्लो सीनियर टीमचा हेड कोच! म्हणजे ज्युनियर टीमबरोबर एक मॅच सुद्धा झालेली नाही. प्रो लायसन्सचा (कोचिंगचं सगळ्यात वरचं लायसन्स) कोर्स त्याने सप्टेंबरमध्ये पूर्ण केला आणि २० सप्टेंबरला लीगची पहिली मॅच. कोविडमुळे आधीचा सीझन ऑगस्टपर्यंत लांबलेला, त्यामुळे प्रीसीझन म्हणावं असं काही नव्हतंच. खेळाडू म्हणून तो किती मोठा होता हे सगळ्यांना माहीत होतं, पण कोच म्हणून त्याच्याबद्दल कुणालाच काही माहीत नव्हतं. तो पहिला आला असता तरी मी या निवडीला चूकच म्हणालो असतो.

सिडको_नंबर९
दादा, पहिला आला असता तरी चूक? हे काय पटत नाही बुवा. प्रोफेशनल फुटबॉल आहे, इथे पॉइंट्स टेबल सोडून दुसरा पुरावाच नाही. सलग ९ वर्षं लीग जिंकलेली टीम, रोनाल्डोने त्या सीझनला लीगमध्ये २९ गोल मारले, तरी चौथे, आणि तेही शेवटच्या दिवशी नापोलीने वेरोनाशी बरोबरी केली म्हणून. घरच्या ग्राउंडवर बेनेव्हेंटोकडून हरले, जी टीम त्याच वर्षी खालच्या डिव्हिजनला गेली. निवड चुकली हे यातून दिसतं, अजून काय पाहिजे?

आणि तुमच्या हिशोबाने बार्सिलोनाने केलेली ग्वार्डिओलाची निवड सुद्धा चूकच धरावी लागेल. त्याच्याकडे तरी काय होतं, बार्साच्या बी (राखीव) टीमचं एक वर्ष, तेही स्पेनच्या चौथ्या पायरीच्या लीगमध्ये.

गंगापूररोडचा_लिबेरो
अरे पण ते एक वर्ष म्हणजेच तर सगळं काही! त्या वर्षात त्याने ती टीम वर नेली, पुढे स्टार झालेले बुस्केट्स आणि पेद्रो त्याच टीममध्ये होते, आणि क्लबच्या लोकांना रोज दिसत होतं की हा प्रॅक्टिस कशी घेतो, कोणाला बसवतो, हरल्यावर ड्रेसिंग रूममध्ये कसा वागतो. २००८ ला सीनियर टीमबरोबर पहिलीच लीग मॅच नुमान्सियाकडून १-० हरला, दुसरी रासिंगशी १-१. तुझ्या टेबलच्या नियमाने तेव्हाच बोंब मारली असती ना? त्याच सीझनला तीन मोठ्या ट्रॉफी आल्या.

शाबी अलोन्सोचं पण तसंच. स्पेनच्या रिआल सोसिएदादच्या बी टीमला त्याने २०२१ ला सेकंड डिव्हिजनमध्ये चढवलं आणि पुढच्याच वर्षी ती खाली आली. नुसता निकाल बघणारा क्लब असता तर ऑक्टोबर २०२२ मध्ये जर्मनीच्या लेव्हरकुसेनने त्याला दारात उभं केलं नसतं. २०२३-२४ ला एकही मॅच न हरता बुंडेसलिगा, म्हणजे जर्मनीची लीग, जिंकली.

नाशिकरोडचा_बियान्कोनेरी
मी दोघांच्याही विरोधात आहे, कारण पिर्लोवर कायम अन्याय होतो आणि ते वाचून मला खरंच राग येतो. कोपा इटालिया जिंकला, सुपरकोपा जिंकला, कॅम्प नूला जाऊन बार्साला ३-० हरवलं. त्याला काढून अलेग्रीला आणलं, ज्याच्या नावावर युव्हेंटसबरोबरच ५ लीग होत्या, म्हणजे अनुभव म्हणाल तर याच्यापेक्षा जास्त कुठून आणणार. काय झालं? परत चौथे! पिर्लोचे ७८ पॉइंट्स होते, अलेग्रीचे ७०, आणि ट्रॉफी एक पण नाही. मग प्रॉब्लेम नवख्या कोचचा होता की टीमचा?

पिर्लोला बॉल मिडफिल्डमधून फिरवत न्यायचा होता आणि हातात कोण, तर राबियो, बेंटांकूर, आर्थर. मिडफिल्डर प्यानिच तर आर्थरच्या बदल्यात देऊन टाकलेला. चॅम्पियन्स लीगला पोर्तोविरुद्ध पहिल्या लेगमध्ये (दोनपैकी पहिल्या मॅचला) दुसऱ्या मिनिटाच्या आत बेंटांकूरने मागे पास दिला आणि गोल खाल्ला, शेवटी ४-४ होऊन अवे गोलवर बाहेर. तो पास पिर्लोने मारला नव्हता.

सिडको_नंबर९
अलेग्रीच्या वेळी रोनाल्डो नव्हता, ऑगस्ट २०२१ लाच तो मँचेस्टरला गेला. २९ गोल काढून घ्या आणि मग ७८-७० ची तुलना करा.

निफाडचा_बागाईतदार
सिडकोवाले भाऊ, तुम्ही आर्टेटाला किती दिवस दिले असते? डिसेंबर २०१९ ला लंडनच्या आर्सेनलला आला, हेड कोच म्हणून पहिलंच काम. ऑगस्ट २०२० ला एफए कप जिंकला हे ठीक, पण लीगमध्ये आठवा, परत आठवा, आणि २०२१-२२ च्या पहिल्या तीन मॅच हरून एकही गोल न मारता टेबलच्या तळाला. त्या आठवड्यात आमच्या ग्रुपवर सगळे 'हाकला' म्हणत होते. त्यानंतर त्याच सीझनला पाचवा आणि पुढे सलग ३ सीझन दुसरा.

आमच्याकडे एप्रिलमध्ये द्राक्षाची खरड छाटणी करतात, तेव्हा वेलीवर माल नसतो, नुसती काडी तयार करायची असते. ती तिथे फसली तर ऑक्टोबरच्या छाटणीनंतर किती पण औषधं मारा, घड धरत नाही. स्टार खेळाडू ओझिलला टीमच्या लिस्टमधून बाहेर ठेवणं, दुसरा स्टार ऑबामेयांगची कॅप्टनशिप काढणं, ही आर्टेटाची त्या वेळची कामं होती आणि तेव्हा टेबलवर त्यातलं काही दिसलं नाही. पण क्लब मागे उभा राहिला. मला विचाराल तर निवड नेमणुकीच्या दिवशी संपत नाही, पुढचे दोन वर्षं क्लब काय करतो ते पण त्यातच धरायला पाहिजे. युव्हेंटसने नवखा माणूस निवडला आणि वागणूक दिली अनुभवी माणसाची, सीझन संपल्यावर लगेच मे महिन्यात काढून टाकलं. मग नवखा निवडायचाच कशाला?

पंचवटीची_कीपर
मी शाळेच्या मुलींना शिकवते, डी लायसन्स (कोचिंगचं सुरुवातीच्या पातळीचं) केलंय, त्यामुळे प्रोफेशनल लेव्हलचं मोठं बोलणार नाही. पण एक गोष्ट कुणीच बोललं नाही. असिस्टंट आणि हेड कोच यात ज्ञानाचा फरक फार नसतो, फरक असतो तो कोणाला बाहेर बसवायचं हे सांगण्यात. असिस्टंटकडे खेळाडू मन मोकळं करतो, तक्रार सांगतो. हेड कोच झाल्यावर त्याच खेळाडूला शुक्रवारी सांगावं लागतं की उद्या तू नाहीस, आणि सोमवारी परत त्याच्याकडून जीव तोडून प्रॅक्टिस करून घ्यावी लागते. हे कोर्समध्ये शिकवून येत नाही, कुठल्यातरी छोट्या टीमबरोबर करूनच येतं. म्हणून बी टीमचा अनुभव मला मोठा वाटतो, मग ती चौथ्या पायरीची का असेना.

मँचेस्टर युनायटेडचा माजी खेळाडू गॅरी नेव्हिल आठवा. टीव्हीवर त्याच्यासारखं मॅच उलगडून सांगणारा दुसरा नव्हता, इंग्लंडचा असिस्टंट होता. डिसेंबर २०१५ ला स्पेनच्या व्हॅलेन्सियाने हेड कोच म्हणून घेतलं, स्पॅनिश येत नाही, क्लबचा मालक पीटर लिम हा सॅलफर्ड सिटी या इंग्लिश क्लबात त्याचा पार्टनर. लीगच्या १६ पैकी ३ मॅच जिंकल्या, बार्साकडून ७-० खाल्ले आणि मार्चच्या शेवटी काढला. नेव्हिल हुशार आहे याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ओळखीवर माणूस निवडताना जो प्रश्न विचारायला हवा होता तो कुणी विचारलाच नाही, की ज्या ड्रेसिंग रूमची भाषा येत नाही तिथे हा ते शुक्रवारचं बोलणं कसं करणार?

सिडको_नंबर९
ताई, हे एकदम पटलं. पण आर्टेटाकडे तरी हेड कोचचा अनुभव कुठे होता? तो पण असिस्टंटच होता की. मग तुमचा नियम तिथे कसा बसवायचा?

पंचवटीची_कीपर
साडेतीन वर्षं मँचेस्टर सिटीत ग्वार्डिओलाच्या बाजूला बसला होता आणि आर्सेनलमध्ये स्वतः कॅप्टन राहिलेला, म्हणजे क्लब आतून ओळखीचा. तरीही धोका होताच, नाही म्हणत नाही. पहिली दोन वर्षं जी गेली त्यात बराच भाग या शिकण्याचा होता असं मला वाटतं.

सातपूर_सेकंडशिफ्ट
सगळे युरोपातच फिरताय, जरा आपल्याकडे पण बघा ना. आपल्या आयएसएलमधला (इंडियन सुपर लीग) क्लिफर्ड मिरांडा. मार्च २०२३ ला कोच गोम्बाऊ गेल्यावर ओडिशाने त्याला अंतरिम हेड कोच केलं. एप्रिलमध्ये कोझिकोडला बेंगळुरूला २-१ हरवून सुपर कप, ओडिशाची पहिली मोठी ट्रॉफी. त्याआधी २०२० मध्ये कोच लोबेराला काढल्यावर एफसी गोवाला अंतरिम म्हणून त्यानेच सांभाळलं होतं आणि गोवा लीग शील्ड (लीग टेबलवर पहिला येणाऱ्याला मिळते ती) जिंकलं. म्हणजे लिबेरो दादांचा नियम लावा, सिडकोचा लावा, ताईंचा लावा, तिन्हीत पास. आणि ओडिशाने पुढच्या सीझनला हेड कोच कोण आणला? लोबेरा!

सिडको_नंबर९
लोबेराने २०२०-२१ ला मुंबई सिटीला शील्ड आणि प्लेऑफचा कप दोन्ही जिंकून दिलेत भाऊ. ओडिशाला पण त्याने २०२३-२४ ला चौथ्या नंबरवर आणून सेमीफायनलला नेलं, आधीच्या सीझनला सहावे होते. क्लब म्हणून मी पण तेच केलं असतं. सुपर कप चारपाच मॅचचा असतो, लीग पूर्ण सीझनची.

गंगापूररोडचा_लिबेरो
मग टेबल हाच पुरावा म्हणत होतास, तो एका ट्रॉफीला लागू नाही का? लोबेरा कसा आहे हे सगळ्यांना आधीच माहीत होतं, त्याला घेण्यात कसला धोका नाही आणि मी त्याला चूकही म्हणत नाही. माझी तक्रार वेगळी आहे. ओडिशाने मिरांडाला आपल्या डोळ्यांसमोर काम करताना बघितलं होतं, जे युव्हेंटसने पिर्लोचं एक दिवस सुद्धा बघितलं नव्हतं. पिर्लोला खेळाडू म्हणून कमावलेल्या नावावर इटलीतली सगळ्यात मोठी टीम मिळते आणि मिरांडाला काम करून दाखवल्यावर ओडिशात पूर्ण एक सीझन पण मिळाला नाही. खालिद जमीलला सुद्धा आयझॉलला आय-लीग (तेव्हाची भारताची मुख्य लीग) जिंकून दिल्यावर, २०१७ ला, आयएसएलमध्ये कायमचा हेड कोच व्हायला २०२१ उजाडलं. चार वर्षं!

नाशिकरोडचा_बियान्कोनेरी
मिरांडाबद्दल शंभर टक्के सहमत. पिर्लोबद्दल अजूनही नाही. त्याला दुसरा सीझन द्यायला हवा होता.