प्रोजेक्टरच्या भिंतीला राखाडी रंग का द्यायचा?

अनिकेत: प्रोजेक्टर आणला की भिंत राखाडी करा, काळा रंग गडद दिसतो, असा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो मान्य नाही. प्रोजेक्टर काळा रंग टाकूच शकत नाही. जिथे प्रकाश पडत नाही तिथे भिंत जशी दिसते, तोच चित्रातला काळा. राखाडी भिंतीवर तो गडद होतो हे खरं, पण पांढराही त्याच प्रमाणात मंदावतो. दोघांमधलं गुणोत्तर तेवढंच राहतं. मग पैसे मोजून घेतलेला उजेड भिंतीला का प्यायला द्यायचा? कुठलीही झाक नसलेला पांढरा मॅट, म्हणजे बिनचकाकीचा, रंग द्यावा आणि खिडक्यांना जाड पडदे लावावेत.

सावनी: हे गणित काळ्याकुट्ट खोलीपुरतं ठीक आहे. राहत्या खोलीत छत आणि बाजूच्या भिंती पांढऱ्या असतात. चित्राचा उजेड त्यांच्यावर आपटून पुन्हा चित्राच्या भिंतीवर येतो आणि अंधारी दृश्यं फिकी पडतात. भिंत निम्मा उजेड शोषत असेल तर चित्र निम्म्यावर येतं, पण फिरून आलेला उजेड चतुर्थांशावर येतो. म्हणजे गुणोत्तर सुधारतंच. आणि उजेडाची एवढी काटकसर कशाला? प्रोजेक्टरचा उजेड ल्यूमेनमध्ये मोजतात, चित्राची चकाकी चौरस मीटरला किती कँडेला यात. खरोखरीचे 2000 ल्यूमेन 100 इंची पांढऱ्या मॅट भिंतीवर चौरस मीटरला सुमारे 230 कँडेला देतात. डिजिटल चित्रपटगृहाचं मानक 48 आहे!

अनिकेत: मग छत गडद करा, रोग तिथे आहे. शिवाय अचूक रंगांच्या मोडमध्ये ते 2000 बरेच खाली येतात, दिवा जुना झाला की आणखी. चित्र 150 इंची केलंत तर निम्म्याहूनही कमी उरतं. आणि दिवे लावून बघणाऱ्यांना राखाडीचा काडीचा उपयोग नाही. उजेड प्रोजेक्टरचा की ट्यूबलाइटचा, हे साध्या रंगाला कळत नाही. त्यासाठी दिशा ओळखणारे खास पडदेच लागतात.

सावनी: भाड्याच्या घरात छत काळं कोण करू देईल? भिंतीचा एक चौकोन रंगवता येतो.

रंगारी_दादा: तुम्ही दोघं छटेवर भांडताय, पण चित्र बिघडतं ते पृष्ठभागामुळे. चकाकी असलेला रंग दिलात तर मधोमध उजळ डाग दिसणारच. 100 इंची फोर-के (आडवे 3840 पिक्सेल) चित्रातला एक पिक्सेल जेमतेम 0.6 मिमीचा, रोलरचे दाणे त्याहून मोठे! लांबी (पुट्टी) भरा, पॉलिशपेपर मारा, प्रायमर द्या, मग बारीक लवेच्या रोलरने रंगाचे दोन हात. भिंतीला चिकटून ठेवायचा प्रोजेक्टर असेल तर तिरप्या उजेडात प्रत्येक उंचवटा सावली टाकतो. तिथे रंगाच्या भरवशावर राहूच नका, ताणलेला पडदा घ्या.

सावनी: पृष्ठभागाचं शंभर टक्के पटलं. राखाडी घेणाऱ्यांनी निळसर झाक मात्र टाळा, त्वचेचे रंग आजारी दिसतात. प्लायच्या तुकड्यावर दोन्ही रंग शेजारी देऊन वाळवा आणि रात्रीचं एखादं दृश्य त्यावर लावून बघा.

अनिकेत: बर्फाचंही लावा. राखाडी तिथे उघडी पडते.