मेकॅनिकल कीबोर्ड उघडायचाय, काना दोनदा उमटतो

अक्षरजुळणी :
साताऱ्यात माझं डीटीपीचं दुकान आहे. निळ्या स्विचचा मेकॅनिकल कीबोर्ड (प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्विच असतो तो) २०११ पासून वापरतोय, टायपिंग इनस्क्रिप्ट या मराठी मांडणीत. महिनाभर झाला, इंग्रजी ई चं बटण एकदा दाबलं की दोनदा उमटतं. ई वर आपला काना! काल पत्रिकेत चि. राम चा चि. रााम झाला, मुलाच्या मामांनी प्रूफात पकडला म्हणून वाचलो.

मागचे सगळे स्क्रू काढले तरी झाकण निघेना. ओढलं की कुरकुरतं. नवीन घ्या असं कुणी सांगू नका, मला आत काय आहे ते बघायचंय. झिजला असेल का स्विच?

सोल्डरबाबा :
आधी वायर काढा. मग लेबलवर बोट दाबून फिरवा. खड्डा लागला तर तिथे एक स्क्रू लपलेला असतो. तो काढून कडेच्या फटीत जुनं एटीएम कार्ड सरकवा, खटके एकेक सुटतील.

झीज म्हणाल तर चेरी कंपनी या जातीच्या स्विचचं आयुष्य ५ कोटी दाब सांगते. दिवसाला ३,००० काने, वर्षाचे ३०० दिवस, १४ वर्षं धरली तरी सव्वा कोटीच होतात. मला घाणीचा संशय आहे.

कीकॅप (बटणाची टोपी) काढल्यावर स्विचभोवती लोखंडी पत्रा दिसला तर स्विच बहुधा आधी डीसोल्डर करावा, म्हणजे टाके वितळवून सोडवावा लागेल. पत्रा नसेल तर चार खटके चिमट्यांनी सोडवा, वरचं झाकण जागेवरच निघतं. स्प्रिंग उडते, तोंड लांब ठेवा. निळ्या दांड्यावर सैल पांढरा तुकडा दिसेल, टिक् आवाज त्याचा. शेजारी पातळ धातूची पट्टी. गंमत अशी, की बटण वर असताना त्या पांढऱ्या तुकड्याचे पाय या पट्टीला दूर रेटून धरतात. दाबलं की पाय खाली जातात आणि पट्टी आपल्या ताणाने संपर्काला टेकते. तिथे कचरा असला की टेकताना थरथरते आणि कंट्रोलर (कीबोर्डातली चिप) एकाचे दोन मोजतो.

खटपट्या :
नुसता दांडा बदलू नका, पट्टी खालच्या अर्ध्या भागात असते. अख्खा स्क्रोल लॉकचा स्विच काढून ई च्या जागी लावा, नाहीतरी त्याला कोण हात लावतं? संपर्काचे टाके दोनच. डीसोल्डर पंप नसेल तर पुण्यात तपकीर गल्लीत मिळेल. आणि शिवणयंत्राचं तेल सोडू नका. मी सोडलं होतं, टिक् गेली ती गेलीच.

अक्षरजुळणी :
उघडला. स्क्रू लेबलखालीच होता. आत पत्रा नाही. पण कचरा! कटिंगची कागदी धूळ, दोन स्टेपल, अक्षतांचे तांदूळ आणि ई-आरच्या पट्ट्यात करडी राख. मॉनिटरशेजारी गणपतीचा फोटो आहे, उदबत्ती मीच लावतो तिथे. आता ती खिडकीत.

ई मध्ये आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब सोडून शंभरेकदा दाबला, तरी दहात एकदा दोन काने येतातच. मग स्क्रोल लॉक ई वर बसवला. सकाळपासून तीन पत्रिका, एकही जोडकाना नाही.

फक्त स्पेसबार उचकटताना खालची तार निसटली. ती आधी कॅपला अडकवायची की कीबोर्डला?