सशाला पेलेट खाताना घास अडकतो, मदत हवी आहे

निळीशाई

घरात दोन ससे आहेत. ठिपका (नर, वजन साधारण दोन किलो) आणि ढमी (मादी, त्याच्याहून थोडी लहान). दोघांची नसबंदी झाली आहे, एकत्रच राहतात, एकाच वाटीत खातात.

काल संध्याकाळी पेलेटची (दाबून केलेल्या कोरड्या खाद्याच्या गोळ्यांची) वाटी खाली ठेवली तशी ठिपक्याने नेहमीप्रमाणे धाड घातली. दोनचार घास झाले असतील, तो एकदम मागे सरकला. मान ताणलेली, नाक छताकडे, तोंड उघडं, पुढच्या पायांनी तोंड खरवडतोय आणि घशातून घरघर. नवरा उचलायला गेला तर सटकून सोफ्याखाली. तिथेच दोन शिंका आल्या, नाकातून हिरवट ओला चोथा बाहेर पडला आणि हळूहळू शांत झाला. थोड्या वेळाने साहेब कोथिंबीर मागायला हजर.

याआधीही खाताना तो खाकरल्यासारखं करायचा, पण असं कधी नव्हतं. माझे प्रश्न: कुत्र्यामांजरासारखं ओकून टाकता येत नाही का त्याला? अशा वेळी आपण नेमकं काय करायचं? ससा हातात धरून झोका दिल्यासारखा खाली झुकवतात असे व्हिडिओ पाहिले, ते बघूनच पोटात गोळा आला. आणि आता पेलेट कायमचे बंद करू का? तसंही हल्ली गवताच्या जाड काड्या बाजूला काढून फक्त मऊ पाती खातो, नखरे वाढलेत. ते बंद केले तर खाईल काय?

आत्ता ठीक दिसतोय. तरी डॉक्टरकडे न्यावं का?

पानगळ

न्या. आजच. बाकीची चर्चा नंतर. ससे आजारपण लपवण्यात पटाईत असतात, "ठीक दिसतोय" यावर जाऊ नका. लेंड्या नेहमीएवढ्या आहेत का तेवढं बघून ठेवा, डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतील.

लाल_माती

मी पशुवैद्यक आहे. न बघता निदान करणार नाही, पण काही गोष्टी सांगतो.

ससा ओकू शकत नाही. जठराच्या तोंडाशी असलेला स्नायूंचा कडा इतका घट्ट असतो की आत गेलेलं मागे फिरत नाही. दुसरी अडचण श्वासाची. सशाची श्वासनलिकेवरची झडप मऊ टाळूच्या वर बसलेली असते, त्यामुळे तो जवळजवळ पूर्णपणे नाकानेच श्वास घेतो. चावत असताना नाक फुरफुरत राहतं ते याच सोयीमुळे. पण घशात चोथा अडकून नाकाच्या मागच्या वाटेत चढला की त्याची एकुलती एक वाट बंद होते. तेव्हाच तो नाक वर करून तोंड उघडतो. सशाने तोंडाने श्वास घेणं ही केव्हाही आणीबाणी समजा, कारण काहीही असो.

आता काय करायचं. आधी कान द्या. घरघर, खाकरणं, शिंका, फुरफुर, काहीही ऐकू येत असेल तर हवा आत-बाहेर चालू आहे. अशा वेळी उचलू नका, मागे धावू नका. घाबरलेल्या सशाला जास्त हवा लागते आणि ती तशीही कमी पडत असते. उरलेलं खाणं काढून घ्या, दुसऱ्या सशाला लांब करा, आवाज बंद करा, जवळ बसून लक्ष ठेवा. नाकाशी, ओठांशी आलेला चोथा पुसून घेतलात तर चालेल. तोंडात बोट घालायचं नाही. घास आणखी आत ढकलला जातो, शिवाय चावा बसतो तो वेगळा. आणि "खाली उतरेल" म्हणून पाणी पाजायचं नाही, ते थेट फुप्फुसात जाऊ शकतं. मिनिटभरात सुटायला लागलं नाही, किंवा सुटून पुन्हा पुन्हा होऊ लागलं, तर खोक्यात घालून थेट दवाखाना गाठा.

धोका आवाज थांबतो तेव्हा असतो. छाती जोर लावतेय पण हवा जात नाही, ओठ-हिरड्या निळसर पडल्या, ससा ढिला पडू लागला, तर मात्र हातात घ्यावं लागतं.

तुमच्या ठिपक्याची घरघर ऐकू येत होती आणि शिंकांनी वाट मोकळी झाली. पण एखादा कण फुप्फुसात गेला असेल तर न्यूमोनिया पुढच्या काही दिवसांत दिसतो, लगेच नाही. म्हणून डॉक्टरांना दाखवा, त्यांना छाती ऐकू द्या. घरी तो झोपलेला असताना श्वास मोजा. शांत बसलेल्या सशाचे मिनिटाला साधारण ३० ते ६० असतात. त्याहून सतत जास्त, नाकातून स्राव, मलूलपणा, खाण्यावरची वासना उडणं, यातलं काहीही दिसलं तर थांबू नका.

एक विचारायचं आहे. जाड काड्या बाजूला काढणं कधीपासून? हनुवटीखालची लव ओली किंवा चिकटलेली असते का?

उंटावरचा_शहाणा

झोक्याच्या व्हिडिओंना नावं ठेवणाऱ्यांनी एकदा गुदमरणारा ससा बघावा. आमचा ससा निळा पडला होता. दोन्ही हातांच्या मध्ये धरून डोकं खाली झुकवलं, सफरचंदाचा तुकडा बाहेर आला, ससा वाचला. शांत बसून लक्ष ठेवत राहिलो असतो तर तो गेला असता.

लाल_माती

शहाणे, निळा पडलेल्या सशाजवळ बसून राहा असं मी म्हटलेलंच नाही. तुम्ही केलंत ते त्या क्षणी योग्य होतं. माझा आक्षेप झोक्याला आहे, झुकवण्याला नाही. सशाचा सांगाडा वजनाच्या जेमतेम ७-८ टक्के असतो, मांजराचा १२-१३ टक्के. एवढ्या हलक्या हाडांवर मागच्या पायांचे इतके ताकदवान स्नायू. नीट न धरलेल्या सशाने एकच जोराची लाथ झाडली तर कंबरेचा मणका मोडतो आणि मागचे पाय कायमचे जातात. श्वास वाचला आणि ससा गेला, असंही होतं.

म्हणून, हवा पूर्ण बंद असेल तरच: ससा पोटावर, तुमच्या पुढच्या हातावर पालथा. तळहातात त्याची छाती आणि जबडा. दुसऱ्या हाताने पाठ आणि मागचे पाय स्वतःच्या अंगाशी घट्ट. मग डोकं खाली होईल असं तुम्हीच वाका, काही सेकंद तसंच धरा आणि पुन्हा सरळ व्हा. गरज वाटली तर खांद्यांच्या फऱ्यांमध्ये हलके थोपटा. फिरवायचं नाही, हिसका द्यायचा नाही. हे वाचून येणार नाही. पुढच्या तपासणीला डॉक्टरांकडून करून दाखवून घ्या, म्हणजे वेळ आली तर हाताला ठाऊक असेल. आणि घास निघाला तरी त्यानंतर दवाखाना चुकत नाही.

निळीशाई

सगळ्यांचे आभार. लाल माती, हनुवटी बघितली. खरंच ओलसर आहे, एका बाजूची लव चिकटून पोपडी धरली आहे. पाण्यात तोंड बुडवत असेल असं वाटत होतं. काड्या सोडणं बरेच आठवडे चाललंय. याचा घास अडकण्याशी संबंध आहे का?

लाल_माती

असू शकतो. सशाला २८ दात असतात आणि सगळे जन्मभर वाढत राहतात. पुढचे दात दिसतात म्हणून लोक तेवढेच बघतात, पण घोटाळा दाढांत होतो. गवत खाताना जबडा आडवा फिरतो आणि दाढा एकमेकींवर घासून झिजतात. पेलेट खाताना तो वर-खाली चेचतो, झीज तेवढी होत नाही. मग दाढांच्या कडेला टोकं येतात आणि जिभेला किंवा गालाला टोचतात. दुखतं म्हणून ससा आधी काड्या सोडतो, लाळ गळते, आणि भूक तर असतेच, म्हणून पेलेट नीट न चावता गिळतो. याला नखरे म्हणू नका. तोंड फार उघडत नसल्याने दाढा घरी दिसणार नाहीत, डॉक्टरांना नळी घालून बघावं लागतं. सशांची सवय असलेला पशुवैद्यक शोधा.

एक सावधगिरी: अ‍ॅमॉक्सिसिलिन आणि पेनिसिलिन गटातली औषधं सशाला तोंडावाटे देत नाहीत, आतड्यातले उपयोगी जिवाणू मरून ससा दगावू शकतो. घरात उरलेलं कुत्र्यामांजराचं कोणतंही औषध देऊ नका.

काडीमोडी

दातांचं डॉक्टर बघतील, मी खाण्याच्या बाजूने लिहिते. माझ्याकडे बरीच वर्षं ससे आहेत आणि त्यातला प्रत्येक जण पेलेटच्या बाबतीत अधाशी.

निळीशाई, तुझ्याकडे मुळात शर्यत आहे. एक वाटी, दोन तोंडं. माझं उरलं तर तिचं होईल, म्हणून तो चावत बसत नाही, गिळत सुटतो. दोन वाट्या कर, खोलीच्या दोन टोकांना ठेव. त्याहून बरं म्हणजे वाटीच बंद कर. पेलेट गवताच्या ढिगात विखरून टाक. एकेक दाणा हुडकून खावा लागला की घाई आपोआप जाते, आणि हुडकताना गवतही पोटात जातं. कापडाच्या पट्ट्यांची चटई, कागदी नळीत गवत कोंबून मध्ये चार पेलेट, काहीही चालतं. भुकेल्या सशापुढे पेलेट आधी ठेवू नकोस. आधी ताजं गवत, त्यावर तो थोडा रमला की मग पेलेट.

प्रमाणही बघ. किलोमागे दिवसाला साधारण २५ ग्रॅम ही मोठ्या सशासाठी वरची हद्द. दोन किलोच्या सशाला ५० ग्रॅम म्हणजे भरपूर, तेही दोन वेळांत विभागून. सशाच्या खाण्यातला ८० टक्क्यांच्या वरचा भाग गवतच हवा, टिमोथी किंवा तसंच कुठलंही चांगलं सुकं गवत, चोवीस तास समोर. पेलेट कायमचे बंद करायची गरज नाही, पण कमी करताना हळूहळू, काही आठवडे घे. अचानक बदललं की पोट बिघडतं.

दात नीट होईपर्यंत पेलेट भिजवून दे. थोडं कोमट पाणी, फुगून मऊ झाले की बोटाने मोडून. उरलेले ठेवू नकोस, लवकर आंबतात.

आणि मिश्र खाद्याच्या पिशव्या, रंगीत तुकडे, सुका मका, वाटाणा, बिया असलेल्या, त्या घरात असतील तर फेकून दे. ससा त्यातलं गोडगोड निवडून खातो, आणि टणक दाणे न चावता गेले तर घशात किंवा पुढे आतड्यात अडकतात. गाजराचं चित्रांनी फार कौतुक करून ठेवलंय. त्यात साखर खूप, ते खाऊ म्हणून अंगठ्याच्या पेराएवढंच. गोल चकत्या किंवा जाड तुकडे न करता लांब पातळ काप कर, हातात धरून कुरतडायला दे. सफरचंदही तसंच, बिया काढून. पालेभाजी लांब देठासकट धुऊन दिली की ओढून ओढून खातात, घाई होत नाही.

पानगळ

काडीमोडींना +१. पाणी बाटलीऐवजी जड वाटीत ठेवा. ससे वाटीतून जास्त पाणी पितात, आणि गवत खाणाऱ्या पोटाला ते लागतंच.

निळीशाई

दाखवून आणलं. छाती स्वच्छ आहे. खालच्या दोन दाढांना टोकं आली होती, जिभेला एका बाजूने जखम. भूल देऊन घासून दिली. ऑपरेशनच्या आधी उपाशी ठेवू नका असं बजावून सांगितलं होतं, ते इथे वाचलेल्या "ओकत नाही" शी लगेच जुळलं, भुलीत ओकारीची भीतीच नाही. ढमीचे दात ठीक आहेत. आता दोन वाट्या नाहीत, वाटीच नाही, सगळं गवतात. ढमी हुडकण्यात तरबेज निघाली, ठिपका अजून वाटीच्या जागी जाऊन बसतो.

आता नवीन अडचण. घरी आल्यापासून खाणं मंद आहे, म्हणून सिरिंजने भरवायची पूड दिली आहे. काल भरवताना तो खाकरला आणि माझे हात थरथरायला लागले. दवाखान्यात सोपं दिसत होतं.

लाल_माती

सिरिंजने घाई केली तर तोच धोका, त्यामुळे भीती रास्त आहे. उताणा कधीच धरू नका. टेबलावर टॉवेल, ससा चारही पायांवर, मागचा भाग तुमच्या पोटाला टेकलेला, डोकं नेहमीच्या उंचीवर. हनुवटी वर उचलायची नाही. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये मोकळी जागा असते, तिथून बाजूने टोक आत घाला. अर्धा ते एक मिली, बस. मग सिरिंज बाहेर काढा आणि तो चावून गिळेपर्यंत थांबा. जबडा हलला नाही तर पुढचा घास नाही. खाकरला तर डोकं मोकळं सोडा, श्वास सुरळीत होऊ द्या, लागलं तर अर्ध्या तासाने पुन्हा. पूड दाट झाली तर सिरिंज तुंबते, मग आपण जोर लावतो आणि एकदम मोठा गोळा सुटतो. नेमकं तिथेच बिघडतं. थोडं पातळ करा, टोक रुंद असलेली सिरिंज मागून घ्या.

भरवण्याआधी दर वेळी गवत आणि पाला समोर ठेवा. स्वतःहून खाल्लं तेवढं सिरिंजमधून कमी. दुखणं थांबवायचं औषध दिलं असेल तर ते चुकवू नका, दुखत असेल तर तो खाणार नाही. आणि दहा-बारा तासांत काहीच खाल्लं नाही, किंवा लेंड्या थांबल्या, बारीक झाल्या, तर सकाळची वाट न बघता फोन करा.

निळीशाई

टॉवेल आणि पातळ केलेली पूड, दोन्हीने फरक पडला. आज सिरिंजमधलं अर्धं तसंच उरलं, कारण त्याने स्वतः जाऊन गवत खाल्लं, काड्यांसकट. हनुवटी कोरडी आहे. दाढा पुन्हा कधी तपासायच्या?

लाल_माती

एकदा टोकं आली की पुन्हा येण्याची शक्यता असते. पहिली तपासणी साधारण महिना-दीड महिन्याने, पुढची त्यात काय दिसतं त्यावर. मधल्या काळात आठवड्याला एकदा वजन करून लिहून ठेवा, स्वयंपाकघरातला काटा पुरतो. वजन उतरू लागलं किंवा काड्या पुन्हा बाजूला पडू लागल्या, तर तारखेची वाट बघू नका.