ड्रायव्हर बदलला तर खर्चाची मंजुरी कशी जोडायची?

प्रश्न: नाशिकच्या अंबडमधल्या आमच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात ड्रायव्हर नेमणुकीचं सॉफ्टवेअर मी सांभाळते. त्यात डिझेल, हमाली, भत्त्याची मंजुरी जोडायची आहे. पिंपळगावहून द्राक्षांचा कंटेनर न्हावा शेवा बंदराला निघतो, इगतपुरीत ड्रायव्हर बदलतो. खर्च कुणाच्या नावावर टाकू? रात्री घाटात अडकलेल्या माणसाला पैशासाठी सकाळपर्यंत थांबवणं मला पटत नाही.

उत्तर: खर्च फेरी क्रमांकाला जोडा, पावतीच्या वेळेवरून ड्रायव्हर कळतो. टोल वगळा, तो फास्टॅगमधून परस्पर कापला जातो. नाहीतर दोनदा लागेल.

उत्तर: ठरावीक रकमेच्या आतला खर्च लगेच मंजूर, वरचा मालकांच्या फोनवर. आणि कसाऱ्याला रेंज गेली की तीच नोंद पुन्हा येते. मोबाइलवरच नोंदीला क्रमांक द्या, म्हणजे दुसऱ्यांदा आलेली ओळखता येईल.

प्रश्नकर्ती: फेरीलाच जोडते. उचल मात्र ड्रायव्हरच्या खात्यावरच ठेवीन.